चौथी प्रत

सिटीलिंकनं गंगापूर रोडला उतरले तेव्हा अकरा वाजत होते.
हॉलमधले पंखे नुकतेच लावलेले,
भिंतीवरचे कागद खालच्या कोपऱ्यांनी हलत होते.
मी दाराशी चपला काढायला वाकले
तर भामरेंची शाल्मली म्हणाली, राहू द्या काकू,
देऊळ नाही हे.

चष्मा पुसला.
तेहेतीस वर्षं नोटांचे ताव तपासले मी नाशिकरोडला.
पहिल्या नजरेत डाग, दुसऱ्या नजरेत सरकलेला रंग,
तिसरी नजर लागली तर तुम्ही थकलात,
असं आमचे सुपरवायझर म्हणायचे.
अजूनही भाजीवाल्यानं परत दिलेली दहाची नोट
आधी तपासते, मग मोजते.

टेबलावर तिनं हत्यारं मांडलेली:
चार पटाश्या, एक रूळ, लिनोचा कुरतडलेला तुकडा
आणि आमटीची पळी.
पळी कशाला गं?
मशीन कुठंय माझ्याकडे? शाईवर कागद ठेवायचा
आणि पळीच्या पाठीनं घासत बसायचं.
जे कोरलं ते पांढरं राहतं, काकू,
जे सोडलं त्याला शाई.

आमच्याकडे उलट होतं, मी म्हटलं.
शाई खाचेत भरायची
आणि वरचं सगळं पुसून टाकायचं, लख्ख.
तिला हे ठाऊक होतं. तरी ऐकून घेतलं तिनं.

प्रत्येक कागदाखाली पेन्सिलीनं आकडे:
दोन छेद दहा. सात छेद दहा.
सातवा जरा दाट उतरलाय, ती म्हणाली,
त्या दिवशी हात भरून आला होता.
आणि तो चालतो?
चालतो म्हणजे? तो सातवा आहे.
दाट उतरलेला ताव आमच्याकडे
संध्याकाळच्या आत भुगा व्हायचा,
आणि भुगाही मोजला जायचा.

मग ते चित्र आलं.
प्रेसचं गेट, पाचचा भोंगा झालेला,
सायकलीच सायकली, डब्याच्या पिशव्या,
माणसांना चेहरे नाहीत, नुसते खांदे,
फळीला गेलेली चीर आभाळातून तशीच छापलेली.
चांगलं होतं. पण काहीतरी टोचत होतं.
तिसरी नजर लागली.

शाल्मली, हे सगळे उजवीकडे का चाललेत?
जेल रोड डावीकडे.
आणि ही दुकानाची पाटी वाच.

तिनं वाचली. वाचता येईना.
आजोबांचं दुकान, भामरे सायकल मार्ट,
फळीवर सुलट कोरलेलं
कागदावर उलटं उतरलं होतं.
चार दिवस लोक येऊन गेले, ती म्हणाली,
आणि खाली बसून हसायला लागली,
हसता हसता डोळे पुसायला लागली.

मला वाटलं आता ती हे काढून ठेवणार.
तिनं काढलं, गुंडाळलं, माझ्या हातात दिलं.
चार छेद पंधरा.
मी पाचशेची नोट काढली,
उजेडाकडे धरली, सवयीनं, मग तिला दिली.
तिनं न बघताच जीन्सच्या खिशात कोंबली.

दाराशी आले
आणि दोन्ही हात आपोआप वर गेले.
तेहेतीस वर्षांत मी आतून कागदाचा कपटाही
बाहेर आणला नव्हता.
वॉचमन पोरगा स्टुलावर मोबाईल बघत होता.
काय झालं मावशी, तो म्हणाला, चक्कर येतेय का?
मी हात खाली घेतले. नाही रे, म्हटलं.
गुंडाळी पदराआड लपवली होती,
ती बाहेर काढून नीट काखेत धरली.

घरी कपाटाच्या आरशासमोर चित्र उलगडलं.
पाटी वाचता आली.
कुलूप लागून किती वर्षं झाली त्या दुकानाला.
शाईचा वास अजून ओला होता,
आमच्या शाईसारखा नाही, थोडा जवसाच्या तेलाचा.
आणि आरशात ते सगळे,
डबे, खांदे, सायकली,
जेल रोडला वळले होते.
हात दुखेपर्यंत मी तसंच धरून उभी राहिले,
सगळे जाईपर्यंत.